उजवीकडची भिंत

बाळ्याला पाडायचं हे ताईनं सोमवारी ठरवलं, आणि कुठल्या फरशीवर पाडायचं ते मंगळवारी. मधल्या वेळात ती जेवली, कपडे वाळत घातले, आठ तास गाढ झोपली. सख्ख्या भावाला तीनशे माणसांसमोर तोंडघशी पाडायचं ठरवून बाईला इतकी छान झोप लागते, म्हणजे आत किती साठलं असेल ते तुम्हीच बघा.

बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. घरात बाळ्या, ऑफिसात साहेब. गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत तो दिग्दर्शक होता, काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि त्याच्या चहाच्या मगावर 'साहेब' असं छापलेलं होतं. कुणी प्रेमानं दिला असेल म्हणाल, तर छे! स्वतःच करून घेतला होता. ताईला मात्र सगळे ताईच म्हणायचे. भाऊ म्हणतो म्हणून पोरं म्हणायला लागली, आणि मग पाण्याच्या बाटल्या घेऊन येणारासुद्धा.

तिचं काम नकाशांचं. खेळणारा गेममध्ये ज्या जमिनीवर चालतो, ज्या गल्लीत वळतो, जो जिना चढतो, ते सगळं ती मांडायची. सात वर्षं खपून तिनं एक अख्खं शहर उभं केलं होतं. अकराशे चाळीस दारं होती त्यात, आणि एकही दार खोटं नव्हतं. बाकीच्यांच्या गेममध्ये दारं नुसती भिंतीवर रंगवलेली असतात, ढकलायला गेलं की नाक आपटतं. ताईच्या शहरात कुठलंही दार ढकला, आत खोली असायची, खोलीत कुणीतरी राहत असायचं, त्याचं काहीतरी चाललेलं असायचं. गेमची गोष्ट होती एका हरवलेल्या घड्याळजीला शोधण्याची. पण त्याला शोधायला लगेच निघा असं कुणी म्हणायचं नाही. विहिरीत उतरा, गच्चीवर बसून राहा, चार दिवस नुसते भटका. यालाच ओपन वर्ल्ड म्हणतात. ताई म्हणायची, "मोकळं सोडलंय, एवढंच."

आणि बाळ्यानं ते चार महिन्यांपूर्वी कापलं.

सरळ तिच्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून उलटी बसला. गोड बोलायचं असलं की तो खुर्चीवर असाच उलटा बसतो, लहानपणापासून.

"ताई, शहर झकास झालंय. पण लोक हरवतात गं. परवा बारा जणांना खेळायला बसवलं, त्यातले नऊ जण तासभर विहिरीपाशीच घुटमळत होते."

"मग घुटमळू दे की! घुटमळायलाच केलंय."

"लोक दिवसभर राबून घरी येतात. घरी आल्यावर पुन्हा कुठं जायचं हेसुद्धा त्यांनीच ठरवायचं? त्यांना बोट धरून नेणारं कुणीतरी हवं असतं. आपण एक रस्ता देऊ. एकच, पण असा की श्वास घ्यायला उसंत नको. घड्याळजीच्या दुकानापासून घंटाघरापर्यंत. दोन्ही बाजूंनी भिंती."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एका रस्त्याचे, सरळसोट गेमही उत्तम असतात, आणि ताईनं स्वतः असे कितीतरी रात्रंदिवस खेळले होते. वितरकांनाही तसाच हवा होता. तिला राग त्याचा आला नाही. राग पुढच्या वाक्याचा आला.

"आणि भिंती तूच घाल," बाळ्या म्हणाला. "नकाशा तुझ्याइतका कुणाला माहीत आहे?"

म्हणजे पोट फाडायचं ते फाडायचं, आणि सुरी धरायला हिलाच बोलवायचं!

तिनं फक्त एवढंच विचारलं, "शिंपिणीच्या दुकानात गेला होतास का रे? बाजारगल्लीतल्या?"

"कुठलं शिंपिणीचं दुकान?" बाळ्या म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून उठून गेला.

आता हे दुकान काय ते सांगायलाच हवं, नाहीतर ताईच्या रागाचा पत्ता लागायचा नाही. त्या दोघांची आई शिवणकाम करायची. रस्त्यालगतची एक खोली, दारावर फुलांचा पडदा, खिळ्याला टांगलेली मोठी कात्री, पायाचं मशीन. दोघं पोरं त्या मशीनखाली बसून वाढली. ताईनं ती खोली जशीच्या तशी शहरात आणून ठेवली होती, कात्रीच्या मुठीला गुंडाळलेल्या चिंधीसकट. आणि मशीनवर बसणाऱ्या शिंपिणीला आवाज आईचा होता.

तो आवाज घेतला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. आठ महिने पडून होती बिचारी. या आठ महिन्यांत बाळ्या दोनदा आला. एकदा दहा मिनिटं, एकदा त्याहूनही कमी, कारण खाली गाडी उभी होती. कामात होता ना! आणि ताई कामात नव्हती, ती तर झोपाच काढत होती, नाही का? ती संध्याकाळी आईपाशी बसायची. एकदा ऑफिसातलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेली, उशीवर माईक ठेवला आणि म्हणाली, "हे एवढं वाच गं. 'या, काय शिवायचंय' असं म्हणायचं." आईनं कागद बाजूला सारला. "मी माझं म्हणते," म्हणाली, आणि म्हणालीही. तीन वाक्यं. ताईनं विचारलं, "हे कुणाला गं?" तर आई म्हणाली, "दारातून जो येईल त्याला." सतरा दिवसांनी ती गेली.

तर ते दुकान. सात वर्षांत बाळ्या त्या गल्लीत एकदाही वळला नव्हता, आणि न बघताच त्यानं ते कापायला सांगितलं. ताईनं भिंती घातल्या. सगळ्यांत उंच भिंत बाजारगल्लीवरच आली. काय करणार, रस्ताच तिथून जात होता.

त्या ऑफिसात एक पद्धत होती. कापलेली कुठलीही गोष्ट पुसायची नाही. पुसली आणि साहेबांचं मन फिरलं, तर पुन्हा कुणी करायची? म्हणून कापलेली वस्तू गेममध्येच राहू द्यायची, फक्त जमिनीच्या खूप खाली नेऊन ठेवायची, कुणाला दिसणार नाही इतकी खाली. एक आकडा टाकायचा, दहा हजार मीटर, की झालं. वरच्या जमिनीवर खेळ चालू, आणि तळघरात सगळं नाकारलेलं पडलेलं: जुने पूल, नापसंत घोडे, एक आगगाडी. ताईनं आपलं शहर असंच खाली सोडलं. आकडा टाकताना डोळ्यांना धार लागली होती, समोरचं धड दिसत नव्हतं. तिनं टाकला, कळ दाबली, आणि तोंड धुवायला गेली.

इथवर तिनं सोसलं. सोमवारी मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे नामावलीचा कागद, म्हणजे गेमच्या शेवटी कुणी काय केलं ते दाखवतात तो. त्यात 'संकल्पना, नकाशा आणि शहररचना' यापुढं बाळ्याचं नाव. ताईचं नाव खाली, 'साहाय्य' या रांगेत, सव्विसावं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे साहेबांचा मेल: शुक्रवारी गेम सगळ्यांपुढं दाखवला की पुढच्या सोमवारी तळघर कायमचं साफ करायचं, सर्व्हरवर जागा नाही.

साफ करायचं म्हणजे शहर गेलं, दुकान गेलं, आईचा आवाज गेला. त्या ऑफिसातून फाइल बाहेर नेता येत नाही, सगळ्या मशीनना पहारा. बाळ्याकडं जाऊन मागितला असता तर त्यानं दिला असता कदाचित. पण मागायचं? ह्याच्याकडं? आईचा आवाज हिनं हात पसरून मागायचा, आणि त्यानं मगातला चहा पीत 'बघतो' म्हणायचं? ताईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिनं कागदाचा बोळा करून चहात बुडवला. स्वतःच्याच चहात, पण जाऊ दे.

"थांब बाळ्या," ती म्हणाली. "तुला दाखवते."

मंगळवारी तिनं फरशी निवडली.

गेममधली प्रत्येक वस्तू ठोस असते असं नाही. वस्तूच्या नावापुढं कोलिजनची एक टिक असते. टिक असली की तिच्यावर पाय ठरतो. टिक काढली की फरशी दिसते फरशीसारखीच, पण पाय ठेवणारा तिच्यातून सरळ खाली जातो, आणि पडत राहतो. एरवी फार खाली गेलं की नायक मरतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. पण शुक्रवारच्या खेळात साहेब स्टेजवर मरायला नकोत म्हणून नायकाला अमर करून ठेवलं होतं. म्हणजे तो मरणारही नव्हता. नुसता पडतच राहणार, काळ्या अंधारात, हातपाय झाडत, तीनशे लोकांसमोर. खालच्या शहरापर्यंत पोचायलाच तीन-साडेतीन मिनिटं लागतील असा ताईचा हिशेब होता. स्टेजवरची साडेतीन मिनिटं! तेवढ्यात कुणीतरी पडदा बंद करेल, लोक खो खो हसतील, आणि वितरक उठून जातील.

आणि बाळ्या नेमका त्याच फरशीवर पाय ठेवेल याची तिला पक्की खात्री होती. अहो, रस्ताच एक! त्यातून बाळ्याची एक खोड होती, जी जगात फक्त तिला ठाऊक होती. तो कुठलाही गेम खेळताना नायकाला उजव्या भिंतीला घासून पळवायचा. खऱ्या आयुष्यातही तेच. पाच वर्षांचा असताना बाजारात हरवला होता. दोन तासांनी ताईला सापडला तेव्हा उजवा खांदा एका भिंतीला टेकवून उभा होता आणि नुसता "ताई, ताई" करत होता. हरवला की हा जागचा हलायचा नाही. हाक मारायचा. आणि ताई जायची, हातातलं टाकून धावत जायची. शाळेच्या सहलीत, दवाखान्यात, पुढं नोकरीच्या पहिल्या दिवशीही फोन आला होता, "ताई, मी कुठल्या मजल्यावर जाऊ?" तेव्हापासून भिंत सोडून चालणं त्याला जमलंच नाही. आता त्याची त्यानं कला करून दाखवली होती, एवढाच फरक.

फरशी तिनं बाजारगल्लीवरच्या त्या उंच भिंतीच्या बुडाशी निवडली. दुसरीकडं कुठंही चाललं असतं. पण नाही. तिथंच.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दिव्यांची शेवटची दुरुस्ती करायला म्हणून ताईनं फाइल उघडली. दिवे दुरुस्त केले, आणि टिक काढली. खेळून बघता आलं नाही. खेळलं की नोंद राहते.

दहा वाजता शेवटची तपासणी. ती करायचा एक टेस्टर, पन्नाशीला आलेला, म्हणून पोरं त्याला आजोबा म्हणायची. त्याचं काम भिंती घासण्याचं. खरंच, कामच ते. नायकाला प्रत्येक भिंतीला खेटून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं आणि कुठं फट राहिली आहे का बघायचं. बाळ्याएवढाच भिंतीला चिकटून चालणारा दुसरा माणूस जगात असेल तर हाच. ताईच्या हे लक्षातच आलं नव्हतं! साडेदहाला आजोबा तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, सगळं तपासलं," आजोबा म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फक्त ती बाजारगल्लीकडची उजवी भिंत राहिली. हात दुखायला लागला बघा ऐन वेळेला."

ताईनं समोरची फाइल बंद केली.

"साहेबांना काय लिहून देऊ?"

"काय लिहिता?"

"सगळं ठीक, असं लिहितो," आजोबा म्हणाले. "नामावलीत मला सत्ताविसावं टाकलंय. तुमच्या खालीच."

अकरा वाजता सभागृह भरलं. पुढच्या रांगांत वितरक, मग पत्रकार, मागं गेम खेळून त्यावर बोलणारी तरुण मंडळी. ताई चौथ्या रांगेत कडेला बसली, शेजारी आजोबा. स्टेजवर बाळ्या, हातात कंट्रोलर, कॉलरला माईक, मागं दोन मजली पडदा. दिसायला रुबाबदार हो, खोटं कशाला बोलू? खेळत होता तोही अप्रतिम. नायक दुकानातून निघाला, पूल कोसळला, आग लागली, घोडा उधळला, सगळं ठरल्या सेकंदाला. लोक खुर्चीच्या कडेवर आले होते. ताईलाही क्षणभर वाटलं, पोरगं हुशार आहे. मग तिला सव्विसावा नंबर आठवला.

सहाव्या मिनिटाला बाजारगल्लीवरची भिंत आली. बाळ्यानं नायकाला उजवीकडं घेतलं, खांदा भिंतीला घासला. तालमीत तो इथं एक वाक्य टाकायचा, ते त्यानं आत्ताही टाकलं.

"आमच्या गेममध्ये," तो लोकांकडं वळून म्हणाला, "खेळणारा कधीच हरवत नाही."

आणि नायक जमिनीत गेला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग पडदा काळा झाला, आणि त्या काळ्यात तो एवढासा माणूस हातपाय झाडत खाली चालला. कुणीतरी फिसकन हसलं. बाळ्या बटणं दाबत होता. पुढं, मागं, उडी. हवेत कसली उडी? वितरकांतली एक बाई शेजारणीच्या कानाला लागली. बाळ्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ताईला असा आनंद झाला, असा आनंद, की लाज वाटावी. लाज वाटली नाही. तिनं मनात मोजायला सुरुवात केली. दहा सेकंद. पंधरा. अजून तीन मिनिटं जळ, म्हणाली.

विसाव्या सेकंदाला खाली उजेड दिसला.

ताई ताठ झाली. काळोखात आधी दिव्यांचे ठिपके उमटले, मग छपरं, मग गच्च्या, मग विहीर, मग घराघरांतून निघणारा धूर. संध्याकाळचं अख्खं शहर खालून वर येत होतं, तिचं शहर, आणि दोन मजली पडदा त्यानं काठोकाठ भरून गेला. सभागृहात "अरेच्चा!" झालं. इतक्या लवकर कसं, हे ताईला कळेना. आणि मग कळलं. तो आकडा. डोळे भरलेले असताना टाकलेला. दहा हजारातलं एक शून्य पडलं नव्हतं. शहर हजार मीटरवरच बसलं होतं, आणि चार महिन्यांत तिथवर कुणी पडलं नव्हतं म्हणून कुणाला पत्ताही नव्हता.

अमर नायक बाजारगल्लीत धप्पकन दोन पायांवर उतरला. आजूबाजूला माणसं आपापल्या कामात होती. एकानं त्याच्याकडं बघून टोपी हलवली.

टाळ्या! कानठळ्या बसतील अशा टाळ्या. मागची तरुण मंडळी तर उभीच राहिली.

आणि बाळ्या, तो बाळ्याच शेवटी. घाम पुसला, हसला, दोन्ही हात पसरले. "हेच ते गुपित!" म्हणाला. "तुम्हाला वाटलं रस्ता एकच आहे. रस्त्याखाली मी एक अख्खं शहर लपवलंय. हजारो दारं. प्रत्येक दार उघडतं. हे सगळं तुम्हाला गेममध्ये मिळणार, माझा शब्द आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लपवलंय! मी! हिनं खड्डा खणला आणि त्यात त्याच्यासाठी सिंहासन निघालं. सूड घ्यायला गेली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात हार घालून बसली. तिला तिथंच ओरडावंसं वाटलं. तिनं पर्स उचलली. आजोबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा," ते पुटपुटले. "त्याला खेळू द्या."

"डावीकडं जा!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्या विहिरीत उतरता येतं का?" दुसरा. "गच्चीवर! गच्चीवर कसं जायचं?"

"बघू, बघू," बाळ्या हसत म्हणाला. आणि नायक जागेवरच वळला. एकदा इकडं, एकदा तिकडं. पाच रस्ते फुटत होते तिथून. ताई बघत होती. त्याच्या अंगठ्याला काही सुचत नव्हतं, हे तिला चौथ्या रांगेतून दिसत होतं. ज्यानं शहर मांडलं त्यानं पाच रस्त्यांवर असं उभं राहावं? पुढच्या रांगेतले दोघंतिघं एकमेकांकडं बघायला लागले.

मग बाळ्यानं तेच केलं जे त्याला येत होतं. उजवा खांदा भिंतीला टेकवला आणि चालू लागला. भिंत संपली, फुलांचा पडदा आला, आणि नायक तोल जाऊन आत शिरला.

खिळ्याला कात्री होती. मुठीला चिंधी होती. मशीनवर बसलेल्या बाईनं पाय थांबवला आणि मान वर केली.

"आलास?" आई म्हणाली. "दार लोट बाबा, धूळ येते."

तीनशे माणसांत तो आवाज ओळखणारी दोनच होती. बाळ्याचे हात कंट्रोलरवर होते तसेच राहिले. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय, बघू देतोय. किती बारीक काम आहे, असं कुणीतरी म्हणालंही. पण हरवला की हा जागचा हलत नाही, हे ताईला ठाऊक होतं.

कुणी न हलता उभं राहिलं की दहा सेकंदांनी पुढचं वाक्य यायचं. ते ताईनंच तसं बसवलं होतं.

"घाईत दिसतोस," आई म्हणाली.

बाळ्यानं पडद्याकडं पाठ केली. हातानं डोळ्यांवर सावली धरून तो खुर्च्यांच्या अंधारात बघायला लागला, पहिली रांग, दुसरी, तिसरी. साहेब कुठच्या कुठं गेला होता. पाच वर्षांचं पोर उभं होतं तिथं.

"ताई," तो माईकमध्ये म्हणाला. "ताई, कुठं आहेस?"

आणि ताईचे गुडघे आपोआप सरळ झाले. चाळीस वर्षांची सवय हो, ती का अशी जाते! ती अर्धी उठली. सगळं सभागृह वळून तिच्याकडं बघत होतं. हातातली पर्स खाली पडली.

"इथं आहे," ती म्हणाली.

"ताई, इथून पुढं कुठं जायचं?"

शहर कुणाचं, ते आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. पहिल्या रांगेतली वितरक बाई तर खुर्चीत पूर्ण मागं वळून ताईचा चेहरा निरखत होती. आणि तीनशे माणसांसमोर शब्द दिल्यावर येत्या सोमवारी काय, कुठल्याच सोमवारी ते शहर पुसायची बाळ्याची छाती होणार नव्हती. तिनं नुसतं स्टेजवर जायचं होतं, त्याच्या हातातून कंट्रोलर घ्यायचा होता, आणि त्याला बाहेर काढायचं होतं. मागच्या दारानं बाहेर पडलं की समोर विहीर. तीन पावलं.

ताई परत खाली बसली.

"जिकडं वाटेल तिकडं जा," ती म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?"

लोक हसले. त्यांना वाटलं, ठरवलेलंच आहे. बाळ्या हसला नाही. तो परत पडद्याकडं वळला आणि तसाच उभा राहिला, खांदा पडलेला, अंगठे निपचित.

"जा मग," आई म्हणाली. "मी काय, इथंच आहे."

आजोबा ताईच्या कानाशी वाकले. "संपलं का हो त्यांचं बोलणं?"

"नाही," ताई म्हणाली. "उभंच राहिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते."

आणि ती पाठ टेकून नीट बसली.